जुनी फोर बाय फोर कॅम्पर: पुढची चाकं ओढत नाहीत, हौसिंगमधलं ऑइल ताकासारखं झालंय

जांबोटीकर

मंडळी, नमस्कार. दिवाळीनंतर कोल्हापूर बाजूच्या एका माणसाकडून २०११ ची बोलेरो कॅम्पर घेतली, फोर बाय फोर. २५२३ सीसीचं टर्बो डिझेल, पुढं-मागं पाटे. आधीच्या मालकानं पुढच्या चाकांना हातानं फिरवायचे हब (चाक अॅक्सलला जोडायचे-सोडायचे) बसवून घेतलेत. शेत बेळगाव जिल्ह्यात जांबोटीच्या पुढं, कणकुंबीच्या अंगाला. भात आणि काजू. डांबरी सोडली की लाल मातीचा चढ आहे. पावसाळ्यात तिथं ट्रॅक्टर जातो नाहीतर माणूस चालत जातो. म्हणून ही गाडी.

इंजिनाबद्दल एका शब्दाची तक्रार नाही. एका सेल्फला उठतं, धूर नाही, ऑइल पीत नाही. जे काही आहे ते खाली आहे.

लिव्हर फोर एचला (चारी चाकांना जोर) टाकला, दोन्ही हब लॉक केले, तरी चढावर मागची चाकं जागेवर फिरतात आणि पुढची ढिम्म. गाडी जागेवरनं निघताना खालून टण्ण आवाज येतो. पुढच्या हौसिंगचं, म्हणजे अॅक्सलच्या पेटीचं ऑइल थोडं काढून बघितलं तर ताकासारखं पांढुरकं. आणि पन्नास-साठच्या स्पीडला खड्ड्यातनं गेलं की स्टिअरिंग थरथरायला लागतं, ब्रेक मारून वेग उतरवल्याशिवाय थांबत नाही.

दोन गॅरेजला दाखवली. एकजण म्हणतो क्राउन-पिनियन (हौसिंगमधले मुख्य गिअर) गेलं, अख्खं हौसिंग बदला. दुसरा म्हणतो पुढचा प्रोपेलर (पुढच्या हौसिंगला जोर नेणारा दांडा) काढून टाका, टू व्हील करून चालवा, कटकट नको. टू व्हीलच चालवायची होती तर ही घेतली कशाला? पाऊस सुरू व्हायच्या आत करायचंय. सुरुवात कुठून करू?

टिळकवाडी

विकून टाका. त्या पैशात सेकंडहँड ट्रॅक्टर येतो. हौस असेल तर ठेवा, पण मग रडू नका.

चंदगडी

@टिळकवाडी ट्रॅक्टरवर बसून चोर्ला घाट उतरून दाखव बघू पावसात, पोरंबाळं घेऊन. शहरात बसून काय बी सांगूलालास. कॅम्परला मागं काजूची पोती आणि आत पाच माणसं बसत्यात. आमच्याकडं तिलारीच्या अंगाला अजून ह्याच गाड्या चालूलालेत.

लेथ_उद्यमबाग

जांबोटीकर, अजून काहीही उघडू नका आणि कुणाला उघडू देऊ नका. क्राउन-पिनियन गेलं असतं तर चालताना ओरडलं असतं. वेग वाढेल तसा सूर चढतो, अॅक्सिलरेटर सोडला की बदलतो. तुम्ही आवाज सांगताय तो फक्त निघतानाचा. तो बहुतेक प्रोपेलरच्या क्रॉसचा (टोकाच्या चौफुली सांध्याचा) किंवा स्लिप जॉइंटचा (लांबी कमी-जास्त होणाऱ्या सरकत्या सांध्याचा). पुढची चाकं न ओढणं हे वेगळंच दुखणं आहे. चार दुखण्यांना एक औषध शोधू नका.

आधी एक तपासणी करा. एक जॅक आणि एक माणूस लागतो, पैसा लागत नाही.

सपाट जागा बघा. मागच्या चाकांना पुढून-मागून दगड, हँडब्रेक वर, इंजिन बंद, गिअर न्यूट्रल. दोन्ही हब लॉक. ट्रान्सफरचा (पुढं-मागं जोर वाटणाऱ्या पेटीचा) लिव्हर फोर एचला. आता फक्त उजवं पुढचं चाक जॅकवर उचला, डावं जमिनीवरच राहू दे. उचललेलं चाक हातानं फिरवा.

सगळं ठीक असेल तर चाक थोडा खेळ सोडून फिरणारच नाही. कारण डावं चाक जमिनीनं धरलंय आणि प्रोपेलर मागच्या चाकांनी धरलाय.

फिरलं तर खाली वाकून बघा. चाकाच्या मागे नकलमधला (चाक वळवणाऱ्या भागातला) जॉइंट फिरत नसेल आणि नुसतं चाक फिरत असेल, तर उजवा हबच लागत नाही. जॉइंट फिरतोय पण पुढचा प्रोपेलर स्तब्ध आहे, तर उजवा चांगला आणि डावा हब लागत नाही, किंवा डाव्या बाजूचा अॅक्सल तुटलाय. जॉइंटही फिरतोय आणि प्रोपेलरही फिरतोय, तर दोष ट्रान्सफर केसमध्ये किंवा त्याच्या लिव्हर-लिंकमध्ये आहे.

एवढं करा आणि इथं लिहा. हौसिंग बदलायची भाषा त्यानंतर.

करवीर_०९

वा! हे आमच्या फिटरला पण वाचून दाखवतो.

थोडं अवांतर, पण कोल्हापूर-सांगली बाजूची गाडी घेताना एक बघायचंच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि परत २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगा-कृष्णेचं पाणी किती गाड्यांत शिरलं ते आपण सगळ्यांनी बघितलंय. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या टोकाला गाळाची रेघ दिसते. सीटच्या पट्ट्यांखाली गंज, डॅशबोर्डमागच्या वायरींच्या कनेक्टरना हिरवट बुरा. हे दिसलं तर हौसिंगमधलं पाणी तुमच्या ओढ्याचं नसून पुराचं असू शकतं, आणि मग गिअरबॉक्स, मागचं हौसिंग सगळंच उघडावं लागतं.

जांबोटीकर

बेल्ट स्वच्छ आहे, कनेक्टरही. मागच्या हौसिंगचं ऑइल काळं आहे पण पाणी नाही. जॅकची तपासणी रविवारी करतो.

पासिंगवाला

गाडी कोल्हापूरची म्हणजे नंबर एमएच-०९ असणार. कागद केलेत का? मेकॅनिकचं काम थांबवता येतं, हे थांबवता येत नाही.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी ठेवली तर तिथला नंबर घ्यायला लागतो. त्याआधी मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८. मालकी बदलायला २९ आणि ३०, नवीन नंबराला २७. आधीच्या मालकाचं कर्ज होतं तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र, नाहीतर एनओसीच अडते. खानापूर तालुका म्हणजे केए-२२ कडं. चिकोडीकडचे केए-२३, गोकाककडचे केए-४९, बैलहोंगलकडचे केए-२४.

शिवाय ही मालवाहू नोंदणीची असेल तर आठ वर्षांपुढं फिटनेस दरवर्षी. २०११ ची म्हणजे दरवर्षीच. फिटनेसला हेडलाइट, ब्रेक, हॉर्न बघतात तसं चॅसीचा गंजही बघतात. चॅसी नंबर गंजून पुसट झाला असेल तर आत्ताच तेवढी जागा हलक्या हातानं घासून, पेन्सिलचा ठसा निघतो का बघून ठेवा. ग्राइंडर लावू नका, आकड्यावर ग्राइंडर फिरला तर गाडी संशयात जाते.

टिळकवाडी

म्हणजे गाडी महाराष्ट्रातनं कर्नाटकात आणायला एवढे फॉर्म, आणि इथं लोक अख्खा जिल्हा उलटा न्यायला निघालेत.

संपादक

सीमाप्रश्नाचे धागे वेगळे आहेत, तिकडे भरपूर जागा आहे. इथे फक्त गाडी.

जांबोटीकर

एनओसीला अर्ज टाकलाय, कर्ज नव्हतं. पासिंगवाले, चॅसी नंबरचं बरं सांगितलंत.

तपासणी झाली. उजवं चाक उचललं तर फिरलं. नकलमधला जॉइंट फिरतोय, प्रोपेलर हलत नाही. मग डावं उचलून फिरवलं, तर चाक मोकळं फिरतं आणि त्यामागचा जॉइंट हलत सुद्धा नाही. म्हणजे डावा हब, बरोबर ना?

लेथ_उद्यमबाग

बरोबर. ट्रान्सफर केस चांगला, अॅक्सल शाबूत. डावा हब उघडा. वरच्या टोपीचे बोल्ट काढले की डायल बाहेर येतो, मग स्प्रिंग, मग सरकणारी रिंग. कुठला तुकडा कुठल्या तोंडानं होता त्याचा फोटो काढत जा. सर्क्लिप काढताना डोळ्यावर चष्मा घाला, उडते.

जांबोटीकर

उघडला. आत ग्रीसच ग्रीस. नुसतं ग्रीस नव्हे, लाल माती कालवलेलं, कडेला वाळून विटकरी रंगाची कडक पापडी झालेली. रिंग बोटानं ढकलली तर जागची हलत नाही. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकानं पापडी खरवडली तेव्हा कुठं सरकली, आणि मध्येच अडकली. टोपीखालचा रबरी ओ-रिंग एका जागी कापला गेलाय, त्यावर कुणीतरी सिलिकॉन फासलंय. दात मात्र चांगले आहेत, कडा धारदार, कुठं टवका नाही.

लेथ_उद्यमबाग

मग तुमचं हौसिंग वाचलं आणि हबही वाचला.

कुणीतरी हबची डबी बेअरिंग समजून ग्रीसनं ठासून भरलीय. चाकाच्या बेअरिंगला ग्रीस दाबून भरायचं, हबच्या आतल्या रिंगेला फक्त बोटानं पुसट हात द्यायचा. जास्त ग्रीस भरलं की रिंगेला सरकायला वाव राहत नाही, थंडीत ते आणखी घट्ट होतं, आणि डायल लॉकवर फिरला तरी आत काहीच लागत नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं फोर व्हील लागलं.

सगळे तुकडे डिझेलमध्ये ब्रशनं धुवा, मग कोरडे पुसा, हवा मारा. ओ-रिंग नवीन. सिलिकॉन नको, पुढच्या वेळी उघडताना त्याचे तुकडे रिंगेत जातात. बोल्ट थोडे थोडे, समोरासमोरचे, एकसारखे आवळा. उजवाही उघडा, तो आज चालतोय म्हणून सोडू नका. एकाच हातानं दोन्ही भरलेले असणार.

उघडलंयच तर चाकाचं बेअरिंगही काढून धुवा आणि एपी-थ्री ग्रीस तळहातावर घेऊन पिंजऱ्यात दाबून भरा, दुसऱ्या बाजूनं बाहेर येईपर्यंत. जुन्या ग्रीसवर नवीन चढवायचं नाही. बसवताना आतला नट चाक फिरवत आवळायचा, मग किंचित सैल करायचा, वॉशरचा कान वळवून बाहेरचा नट. चाक हातानं मोकळं फिरलं पाहिजे आणि वरखाली हलवल्यावर खेळ लागता कामा नये.

चंदगडी

आमच्याकडं एकानं तर हब कायमचे लॉकवर वेल्डिंग करून टाकलेत. म्हणे पावसात खाली उतरायला नको.

लेथ_उद्यमबाग

हब लॉक ठेवून टू एचमध्ये चालवलं तर काही मोडत नाही, नुसता पुढचा अॅक्सल आणि प्रोपेलर फुकट फिरतो, थोडं डिझेल जास्त, झीज जास्त. पावसाळ्याचे चार महिने लॉक ठेवले तरी चालेल. वेल्डिंग मात्र अडाणीपणा. उद्या पुढचा क्रॉस तुटला तर प्रोपेलर सोडून घरी यायचं, पण चाकाबरोबर अॅक्सल फिरतच राहणार.

उलट उन्हाळ्यातही महिन्यातनं एकदा मातीच्या रस्त्यावर थोडं अंतर फोर एच लावून चालवा. पडून राहिलं की ट्रान्सफरमधल्या आणि पुढच्या हौसिंगमधल्या वरच्या भागाला ऑइल पोचत नाही, सील वाळतात, लिव्हरची लिंक गंजून धरते. जुन्या गाड्यांचं फोर व्हील वापरून कमी आणि न वापरून जास्त खराब होतं, हे मी लेथवर येणाऱ्या मालावरून सांगतो.

आता ऑइल. प्लग खोलायची घाई करू नका.

आधी भरायचा वरचा प्लग सुटतोय का बघा, मगच खालचा काढा. खालून ऑइल सोडलं आणि वरचा प्लग गंजून बसला असला तर गाडी जागेवर राहते. हे प्लग वर्षानुवर्षं कुणी उघडलेले नसतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, बरोब्बर बसणारा पाना वापरा.

निघालेलं ऑइल स्वच्छ पातेल्यात घ्या आणि प्लगच्या चुंबकावर काय चिकटलंय ते बोटावर चोळून बघा. करड्या रंगाचा मऊ लेप असतोच. टोचणारे कण किंवा चपटे तुकडे आले तर मात्र झाकण उघडायचं.

नवीन ऑइल भरा, पाच-दहा किलोमीटर चालवा, गरम असताना परत सोडा आणि मग कायमचं भरा. पांढुरकं पाणी एका धुण्यात जात नाही. डिझेल ओतून धुवायला जाऊ नका, बेअरिंगवरचा थर धुतला जातो आणि कोपऱ्यात डिझेल उरतं.

कुठलं ऑइल? हौसिंगला जीएल-५, कारण क्राउन-पिनियनचे दात एकमेकांवर घासत सरकतात, त्यांना तो दाब सोसणारं ऑइल लागतं. गिअरबॉक्सला पुस्तकात जीएल-४ लिहिलं असेल तर जीएल-४ च, जास्त भारी म्हणून पाच नंबर ओतायचं नाही, आतल्या पितळी रिंगांना काही जीएल-५ मानवत नाहीत. ट्रान्सफर केसचं आणखी वेगळं. काहींना गिअर ऑइल, काहींना लाल रंगाचं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरचं ऑइल). तिथं अंदाज चालत नाही. बॉक्सवरची पाटी बघा, नाहीतर गाडीचं पुस्तक.

जांबोटीकर

पण पाणी आत गेलं कुठून? सील बाहेरून तरी कोरडे दिसतात.

लेथ_उद्यमबाग

ब्रीदर. हौसिंगच्या वरच्या अंगाला बोटभर नळीवर एक टोपी असते, ती चिखलानं बुजलेली सापडेल.

चालून चालून हौसिंग गरम होतं, आतली हवा फुगते. तशीच गाडी ओढ्यात घातली की ते एकदम थंड पडतं, हवा आकसते. ब्रीदर मोकळा असेल तर त्यातनं हवा आत येते. बुजलेला असेल तर ती ओढ सीलच्या ओठावर येते आणि तिथनं पाणी आत शोषलं जातं. सील ऑइल बाहेर येऊ नये म्हणून बनवलेलं असतं, बाहेरचं पाणी अडवणं हे त्याचं मुख्य काम नाही. आणि ब्रीदर मोकळा पण पाण्याखाली गेला, तर हवेच्या जागी त्यातनं पाणीच येणार.

टोपी काढून तिथं डिझेलची रबरी नळी क्लिपनं बसवा, चॅसीच्या कडेनं बॉनेटमध्ये वरपर्यंत आणा, टोक खाली वळवून ठेवा. पुढं-मागं दोन्ही हौसिंगना. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफरचेही बघा. नळी एक्झॉस्टपासून लांब, आणि हौसिंग वरखाली होतं तेवढी ढील ठेवा. सगळा खर्च एका वेळच्या जेवणाएवढा नाही.

चिकोडीचा_शेतकरी

आमच्याकडे फोर व्हील नाही, साधी पिकअप आहे, पण स्टिअरिंगच्या थरथरीबद्दल सांगतो. काळ्या मातीत गाडी घातली की चिखल रिमच्या आतल्या बाजूला बसतो आणि वाळला की दगड होतो. एका चाकात एका बाजूला तेवढं वजन बसलं की साठला स्टिअरिंग नाचायला लागतं. लोक अलाइनमेंट, बॅलन्सिंग करत फिरतात. आधी चाकं काढून रिम आतनं धुवा.

जांबोटीकर

काका, आमची लाल माती एवढी चिकटत नाही, पण बघतो.

लेथ_उद्यमबाग

काकांचं बरोबर आहे, पहिलं काम रिम धुवायचं. पण यांची थरथर खड्ड्यानंतर सुरू होते आणि वेग उतरेपर्यंत थांबत नाही. पुढं सरळ हौसिंग असलेल्या गाडीत हे दुखणं नकलच्या वर-खालच्या, चाक ज्यावर वळतं त्या किंगपिन बेअरिंगचं किंवा टाय रॉडच्या एंडचं असतं. जॅकवर चाक घेऊन वरून-खालून धरून हलवा. चाकाचं बेअरिंग आवळलेलं असूनही खेळ लागला तर किंगपिन. मग आडवं धरून हलवा, एकाला एंडवर हात ठेवायला सांगा, खेळ हाताला कळतो. पाट्यांचे बुश आणि शॅकलही त्याच वेळी बघा. स्टिअरिंग डँपर नवीन घालून ही थरथर दबते. म्हणून गॅरेजवाले तेवढाच बदलून देतात, आणि आतला खेळ तसाच राहतो.

जांबोटीकर

रिम धुतले, थोडा फरक. डाव्या किंगपिनला वरच्या बाजूला स्पष्ट खेळ आहे. बेअरिंग काढलं तर रोलरनी वाटीत खाचा पाडल्यात, नखाला लागतात. नवीन दोन्ही बाजूंना घालतोय.

दुसरी अडचण. ट्रान्सफरच्या पुढच्या फ्लँजचं (प्रोपेलर जोडायच्या थाळीचं) सील गळतंय. नवीन सील घातलं, तरी ओलं. फ्लँजच्या मानेवर सीलच्या ओठानं गोल खाच पाडलीय. दुकानदार म्हणतो फ्लँज बदला, आणि तो इथं मिळत नाही.

लेथ_उद्यमबाग

मिळायची गरज नाही. खाचेत कितीही नवीन सील घातलं तरी गळणार. दोन उपाय. सील त्याच्या घरात एक-दोन मिलिमीटर आत-बाहेर बसवायला जागा असेल तर ओठ कोऱ्या धातूवर येतो, काम झालं. जागा नसेल तर फ्लँज काढून कुठल्याही बऱ्या लेथवर द्या. मान थोडी उतरवून त्यावर पातळ स्लीव्ह चढवतात आणि ग्राइंडिंगनं मूळ मापाला आणतात. माप सांगताना जुन्या खाचेचं सांगू नका, तिच्या शेजारच्या न झिजलेल्या भागाचं द्या. बेळगावात राहून फ्लँजसाठी मुंबई-पुण्याला फोन लावायचा म्हणजे कमाल आहे, हायड्रॉलिकचे शाफ्ट घासून अख्ख्या देशाला देणारं गाव हे.

टिळकवाडी

हे मान्य. उद्यमबागेत काय होत नाही?

चिकोडीचा_शेतकरी

गंजाचं कुणी बोललं नाही म्हणून. यू-बोल्टच्या प्लेटा, ब्रॅकेट, शॅकल असे लोखंडी सुटे भाग गंज काढायला मी मळीच्या, म्हणजे मोलॅसिसच्या पाण्यात टाकतो. एक भाग मळी, नऊ-दहा भाग पाणी, प्लॅस्टिकचा ड्रम, वरून झाकण. आठ-पंधरा दिवसांनी काढायचं, पाण्यानं फवारा मारला की गंज निघून खाली करडं लोखंड. घासावं लागत नाही. वास मात्र घराच्या मागच्या बाजूलाच बरा, आणि माशा येतात. काढल्या काढल्या वाळवून रेड ऑक्साइड मारा, नाहीतर संध्याकाळपर्यंत परत तांबूस होतं. अॅल्युमिनिअमचं काही टाकू नका, खाऊन टाकतं. बेअरिंग, ब्रेकचे सिलिंडर असलं काही नाही. मळी जनावरांच्या खाद्याबरोबर मिळते तेवढी पुरे, कारखान्यातनं बॅरल आणायच्या भानगडीत पडू नका, त्याला अबकारीचा परवाना लागतो.

करवीर_०९

हे भारी आहे. आणि चॅसीला?

चिकोडीचा_शेतकरी

चॅसी ड्रममध्ये मावत नाही की!

चॅसीला वायर ब्रश, रेड ऑक्साइड, मग रंग. अंडरबॉडीचा काळा थर गंजावर मारून घेऊ नका. खाली ओल धरून ठेवतो आणि वरून गाडी नवीन दिसते. विकणारे नेमकं तेच करतात. चॅसीच्या पेटीला खालून भोकं असतात, ती चिखलानं बुजतात. तारेनं मोकळी करा आणि पाइप आत घालून स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवा.

चंदगडी

दादा, एक विचारतो. चोर्ल्यात बारीक पाऊस असला की मी फोर एच लावूनच उतरतो. बरं वाटतं. पण खाली गोव्यात साखळी गावाकडं आलो की लिव्हर निघत न्हाई, लई जोर लावावा लागतो. लिव्हरला तेल मारू काय?

लेथ_उद्यमबाग

तेल नको, डांबरीवर फोर एच नको. या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या प्रोपेलरच्या मध्ये डिफरन्शिअल नसतो, दोन्ही एकत्र बांधले जातात. वळणावर पुढची चाकं मागच्यापेक्षा जास्त अंतर कापतात. मातीवर चाक थोडं घसरून तो फरक सोडून देतं. डांबर पकड धरून ठेवतं, मग तो पीळ क्रॉस, साखळी, दात यांच्यात साठतो. लिव्हर अडकतो तो त्याच पिळानं. पुढच्या वेळी अडकला तर जोर लावू नका, सरळ रेषेत थोडं रिव्हर्स घ्या, सुटतो.

याच कारणानं चारही टायर एका मापाचे आणि साधारण सारख्या झिजेचे पाहिजेत. पुढं दोन कोरे आणि मागं दोन गुळगुळीत घालून फोर व्हील लावलं तर सरळ रस्त्यावर सुद्धा पीळ बसतो.

चंदगडी

माझ्या पुढच्या दोन नव्या हाईत. आता कळालं.

जांबोटीकर

अपडेट. दोन्ही हब साफ, ओ-रिंग नवीन, किंगपिन बेअरिंग दोन्ही बाजूंना, ऑइल दोनदा बदललं, दुसऱ्या वेळचं स्वच्छ निघालं. ब्रीदरच्या नळ्या बॉनेटमध्ये. ब्रीदरची टोपी खरंच चिखलानं सिमेंट केल्यागत बंद होती. फ्लँज स्लीव्ह करून आणला, कोरडा आहे. वळवाचा एक दणका झाल्यावर मुद्दाम चढावर नेली. ओल्या मातीत, मागं खताची पोती, फोर एल (चारी चाकं, हळू पण जास्त ओढ), पहिला गिअर, अॅक्सिलरेटरवर पायसुद्धा नाही. पुढची चाकं माती उपसत वर गेली. थरथर गेली.

टण्ण आवाज तेवढा राहिलाय. मागच्या प्रोपेलरचा पुढचा क्रॉस हातानं पिळला तर किंचित खेळ आहे. ग्रीस मारलं तर चार कपांपैकी तिघांतनंच बाहेर येतं. बदलायचा आहे. ऑनलाइन नंबर शोधतोय, तीन वेगवेगळे दाखवतात.

लेथ_उद्यमबाग

नंबर शोधू नका. क्रॉस काढा, व्हर्नियरनं कपाचा व्यास आणि दोन कपांमधली बाहेरची लांबी मोजा, जुना क्रॉस हातात घेऊन दुकानात जा आणि तिथंच काउंटरवर नवा शेजारी ठेवून बघा. चौथ्या कपातनं ग्रीस येत नाही म्हणजे तो कप आत कोरडा चाललाय, सुया, म्हणजे आतले बारीक रोलर, लाल झालेल्या सापडतील.

प्रोपेलर उतरवायच्या आधी फ्लँजवर आणि स्लिप जॉइंटच्या दोन्ही भागांवर पंचनं खूण करा. खडूची खूण डिझेलनं धुताना जाते. जोडताना दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे कान) एका रेषेत आले पाहिजेत, एक दात जरी फिरला तरी गाडी चाळीसला गुंगायला लागते. ग्रीसचा निप्पल खालून गन पोचेल अशा बाजूला ठेवा. स्लिप जॉइंटच्या खाचांमध्ये खेळ असेल तर तेही त्याच वेळी सांगा, एकदा उतरवलाय तर बॅलन्सिंगला देऊन टाकू.

जांबोटीकर

मंगळवारी उतरवतो. व्हर्नियर आहे तुमच्याकडं?

लेथ_उद्यमबाग

आहे. क्रॉस घेऊन दुपारी चारनंतर या, त्याआधी वीज नसते.